कंसाच्या पोटात कंस

शाळेत गणिताच्या तासाला ‘कंचेभागुबेव’ हा मंत्र ज्याने घोकला नाही असा मराठी माणूस विरळाच. आधी कंस सोडवावयाचा, मग ‘चे’, मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. हा क्रम चुकला की उत्तर चुकलेच म्हणून समजावे. मोठेपणी आपण सारे गणित विसरतो, पण कंसाविषयीची अढी काही मनातून जात नाही. एक तर त्याचे नावच मथुरेच्या त्या दुष्ट मामाचे! आणि परीक्षेत त्याने किती जणांचा छळ केला याची गणतीच नाही.

अशा ह्या कंसावर कोणी जीव जडवला आणि नुसत्या कंसांच्या आधारावर एक सबंध भाषा उभी केली, असे सांगितले तर वाचकांना ती थाप वाटेल. पण तसे घडले आहे खरे. ह्या भाषेचे नाव लिस्प. ती माणसामाणसांत बोलण्याची भाषा नव्हे, संगणकाला आज्ञा देण्याची भाषा आहे. ‘याद्यांवरील प्रक्रिया’ अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचे हे लघुरूप. मौज अशी की इंग्रजीत ‘लिस्प’ म्हणजे बोबडे बोलणे! थट्टेखोर मंडळींनी ह्या नावाचा विस्तार ‘खंडीभर वेडगळ त्रासदायक कंस’ असाही करून ठेवला आहे. आणि तरीही गेली साठाहून अधिक वर्षे संगणकशास्त्राचे जिज्ञासू विद्यार्थी एक व्रत म्हणून ह्या भाषेचा एक छोटासा दुभाष्या आपल्या हाताने लिहून पाहतात.

मराठीच्या अध्यापकाने ह्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. विषय यंत्राचा दिसत असला तरी प्रश्न भाषेचा आहे. शब्द वेगळे कसे काढावयाचे, वाक्याची घडण कशी ओळखावयाची, आणि अर्थ नेमका कोठे राहतो, हे तिन्ही प्रश्न व्याकरणाच्या वर्गातले आहेत. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही अंबडला चार-सहा विद्यार्थी आणि एक जुना लॅपटॉप एवढ्या सामग्रीवर असा दुभाष्या लिहिला. तो दीडशे ओळींच्या आत बसला. त्या दीडशे ओळींत काय काय सामावले आहे, तेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

वाचण्यासाठी लिहिलेले, चालण्यासाठी नव्हे

लिस्पचा जनक जॉन मॅकार्थी. १९२७ साली बोस्टनला जन्मलेला आणि २०११ साली निवर्तलेला हा गणिती. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा आज पोरासोरांच्या तोंडी असलेला शब्दप्रयोग प्रथम आला तो १९५५ सालच्या एका प्रस्तावात. त्या प्रस्तावाच्या चार लेखकांपैकी मॅकार्थी हा एक. १९५८ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्याने लिस्पचे काम सुरू केले. त्या काळी संगणकाला आकडेमोडीचा हमाल म्हणूनच ओळखत. नुकतीच आलेली फोरट्रान ही भाषाही सूत्रे आणि आकडे यांच्यासाठीच होती. मॅकार्थीला हवी होती शब्दांचा, वाक्यांचा, तर्काचा हिशेब करणारी भाषा.

एप्रिल १९६० मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एक विलक्षण गोष्ट केली. लिस्पमधील कोणत्याही वाक्याचा अर्थ कसा लावावयाचा, ह्याचे नियम त्याने लिस्पमध्येच लिहून दाखवले. ते नियम पान-दीड पानात मावले. आपल्याकडची उपमा द्यावयाची तर, विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते इंग्रजीत. परंतु दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण मराठीतच लिहिले. भाषेने स्वतःच्या तोंडाने स्वतःची ओळख करून द्यावी, असा तो प्रकार. मॅकार्थीने लिस्पच्या बाबतीत हेच केले, फक्त अधिक काटेकोरपणे.

ह्यापुढची कथा अधिक गमतीची आहे. मॅकार्थीच्या मते हे नियम केवळ कागदावर वाचण्यासाठी होते; आपली भाषा तर्कदृष्ट्या किती नीटस आहे हे दाखवणे एवढाच त्यांचा हेतू. पण स्टीव्ह रसेल नावाचा त्याचा एक तरुण सहकारी म्हणाला, हे नियमच मी यंत्रावर चढवतो. मॅकार्थीने त्याला बजावले की, तू तत्त्व आणि व्यवहार यांची गल्लत करतो आहेस. रसेलने मात्र ते ऐकले नाही. त्याने आयबीएम ७०४ ह्या निर्वात नळ्यांच्या अवाढव्य यंत्रासाठी ते नियम हाताने यंत्रभाषेत उतरवले, आणि कागदावरचे व्याकरण चालू लागले! लिस्पचा पहिला दुभाष्या जन्मला तो असा. हाच रसेल पुढे १९६२ साली ‘स्पेसवॉर’ ह्या संगणकावरच्या आद्य खेळांपैकी एकाचा कर्ता म्हणून प्रसिद्धीस आला.

ते १९६० साल आपल्याकडेही लक्षात राहण्याजोगे. फेब्रुवारीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आपल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेला संगणक रीतसर कामाला लागला. पुढे १९६२ साली त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. एप्रिलमध्ये तिकडे मॅकार्थीचा निबंध आला आणि १ मे रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. तीन घटनांचा परस्परसंबंध काही नाही. पण एका वर्षाच्या पोटात काय काय असते ते पाहावे!

दुभाष्या आणि भाषांतरकार

संगणकाला खरे म्हणजे एकच भाषा येते: शून्य आणि एक यांची. आपली भाषा त्याला समजावण्याचे मार्ग दोन. एक भाषांतरकाराचा. तो सबंध ग्रंथ घेऊन बसतो, त्याचे यंत्रभाषेत भाषांतर करतो आणि मग ते पुस्तक यंत्राच्या हाती देतो. दुसरा दुभाष्याचा. तो दोन माणसांच्या मध्ये उभा राहतो. एक वाक्य ऐकतो, त्याचा अर्थ लावतो, तो अमलात आणतो आणि ‘हं, पुढे?’ म्हणतो. शिकणाऱ्याला दुभाष्या बरा, कारण तो लागलीच उत्तर देतो.

असा दुभाष्या लिहावयाचा तर तो लिहिण्यासाठी आधी दुसरी एखादी भाषा हवी. आम्ही पायथन घेतली. अमेरिकेतील पीटर नॉर्विग ह्या संगणकतज्ज्ञाने २०१० साली पायथनमध्ये शंभर-सव्वाशे ओळींचा लिस्पचा दुभाष्या लिहून दाखवला, तेव्हापासून हा रस्ता मळलेला आहे. आम्हांला पायथनचा आणखी एक फायदा होता. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीतील नावे तिला चालतात. आणि २३ हा आकडा देवनागरीत लिहून दिला तरी ती त्याची संख्या करून घेते. तेव्हा आमच्या दुभाष्याची भाषा मराठी ठेवावयास काहीच अडचण नव्हती.

पदच्छेद, अन्वय, अर्थ

पूर्वी पाठशाळेत श्लोक शिकवताना तीन पायऱ्या असत. प्रथम पदच्छेद, मग अन्वय, मग अर्थ. आश्चर्य वाटेल, पण लिस्पच्या दुभाष्यालाही नेमक्या ह्याच तीन पायऱ्या चढाव्या लागतात. हे एक वाक्य पाहा:

(बेरीज २ (गुणाकार ३ ४))

प्रथम क्रियापद, मग ज्यांच्यावर क्रिया करावयाची ती पदे, आणि सभोवती कंस. लिस्पमधील प्रत्येक वाक्य असेच. आतला कंस आधी सुटतो, ३ आणि ४ यांचा गुणाकार १२. मग त्यात २ मिळवून १४. येथे ‘कंचेभागुबेव’ची गरजच उरत नाही. कोणाचा मान आधी, ह्याचा तंटा कंसांनीच मिटवलेला असतो.

पदच्छेद अगदी सोपा. प्रत्येक कंसाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावयाची आणि मोकळ्या जागेवर वाक्य तोडावयाचे. वरच्या वाक्याची नऊ पदे पडतात: चार कंस, दोन क्रियापदे आणि तीन संख्या. मराठीचा पदच्छेद इतका सोपा असता तर संधी शिकवणाऱ्यांचे किती कष्ट वाचले असते!

अन्वयात थोडी खुबी आहे. दुभाष्या पदे एकामागून एक वाचत जातो. उघडता कंस आला की नवी यादी सुरू करतो आणि मिटता कंस येईपर्यंत येतील ती पदे तीत घालतो. मध्येच आणखी एक उघडता कंस आला तर? तर हातातली यादी तशीच ठेवून पुन्हा हेच काम पहिल्यापासून सुरू करावयाचे. आतली यादी पुरी झाली की ती एक पद म्हणून बाहेरच्या यादीत टाकावयाची. आमच्या अंबडची मत्स्योदरी देवी टेकडीवर आहे. ती टेकडी माशाच्या आकाराची म्हणून देवीचे हे नाव, असे सांगतात. त्या नावाचा आधार घेऊन वर्गात म्हटले, “माशाच्या पोटात मासा आणि त्याच्या पोटात आणखी एक मासा, अशी ही यादी समजा.” पुढे कोणाला शंका राहिली नाही. मिश्र वाक्याचे पृथक्करण करताना गौणवाक्याच्या पोटातले गौणवाक्य आपण असेच वेगळे काढतो.

आता अर्थ. त्याचे नियम बोटांवर मोजण्याइतके आहेत. पद संख्या असेल तर तिचा अर्थ तीच. पद नाव असेल तर त्याचा अर्थ कोशात पाहावयाचा. यादी असेल तर तिच्यातील प्रत्येक पदाचा अर्थ आधी लावावयाचा, आणि पहिल्या पदाने सांगितलेली क्रिया उरलेल्यांवर करावयाची. झाला सर्वसाधारण नियम.

उत्सर्ग आणि अपवाद

पण व्याकरण जाणणाऱ्यांना ठाऊक आहे की, उत्सर्ग आला की अपवाद आलाच. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे ह्याच पद्धतीने रचलेली आहेत: आधी व्यापक नियम, मग त्याला मुरड घालणारा विशेष नियम. संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याची जी एक प्रसिद्ध पद्धत बॅकसच्या नावाने ओळखली जाते, तिला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना पीटर इंगरमन ह्या अभ्यासकाने १९६७ साली मॅकार्थीचा निबंध ज्या नियतकालिकात आला त्याच नियतकालिकात केली होती.

आमच्या दुभाष्याला चार अपवाद पुरले. पहिला ‘जर’. हे वाक्य पाहा:

(जर (मोठा पाऊस १००) (पेरणी) (थांब))

‘पाऊस’ ह्या नावापुढे आजवर किती मिलिमीटर पाऊस झाला तो आकडा ठेवला आहे. शंभराहून मोठा असेल तर पेरणी करावी, नाही तर थांबावे. येथे सर्वसाधारण नियम लावला, म्हणजे सगळ्या पदांचा अर्थ आधी लावला, तर काय होईल? पेरणीही होईल आणि थांबणेही होईल! मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला दुबार पेरणी म्हणजे काय हे सांगावयास नको. म्हणून ‘जर’ला वेगळी वागणूक द्यावी लागते: आधी फक्त अट तपासावयाची आणि मग दोन वाटांपैकी एकच वाट धरावयाची. ‘जर’ हा शब्द इतरांसारखा क्रियापदवाचक का नाही, हे आमच्या मुलांना व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा ह्या पेरणीने अधिक पटवले.

दुसरा अपवाद ‘ठेव’. (ठेव पाऊस ८०) म्हटले की कोशात ‘पाऊस’ हे नाव आणि त्यापुढे ८० हा अर्थ नोंदला जातो. नावाचा अर्थ नुकताच ठरावयाचा आहे, तेव्हा तो आधी कोशात शोधून कसा चालेल? म्हणून हाही अपवाद. तिसरा ‘सूत्र’, ज्याने नवे क्रियापद घडवता येते:

(ठेव दुप्पट (सूत्र (न) (गुणाकार न २)))

आणि चौथा ‘शब्दशः’. ‘अंबड तालुक्याचे गाव आहे’ ह्या वाक्यात अंबड म्हणजे गाव. ‘अंबड तीन अक्षरी आहे’ ह्या वाक्यात अंबड म्हणजे तो शब्दच. गावाला अक्षरे नसतात आणि शब्दाला तहसील कचेरी नसते. लिखाणात आपण अवतरणचिन्हे घालून हा भेद दाखवतो. पाणिनीलाही ह्याची गरज भासली. आपल्या शास्त्रात शब्दाने सामान्यतः स्वतःचेच रूप समजावे, असे त्याला सूत्र करून सांगावे लागले. लिस्पमध्ये (शब्दशः अंबड) म्हटले की दुभाष्या कोश उघडत नाही, शब्द जसाच्या तसा ठेवतो. सबंध वाक्यही असे न सोडवता जपून ठेवता येते, त्यात फेरफार करता येतो आणि मग ते सोडवता येते. भाषेने भाषेविषयी बोलावे, ही लिस्पची खरी ताकद येथे आहे.

बारवेच्या पायऱ्या

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ इसवी सन ११५० ची. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, कोरवलेला शिलालेख आहे; तेव्हा ते आपल्या मुलखाशी जोडलेलेच. लीलावतीत एक सुंदर गणित आहे. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारांनी देता येतील, आणि श्रीहरीच्या चार हातांत चार वस्तू किती प्रकारांनी? ते आमच्या भाषेत असे मांडता येते:

(ठेव मांडण्या
(सूत्र (न)
(जर (समान न ०)
१
(गुणाकार न (मांडण्या (वजाबाकी न १))))))

अर्थ असा: न शून्य असेल तर उत्तर एक, एरवी, एकाने कमी वस्तूंच्या जितक्या मांडण्या होतात, त्यांना न ने गुणावे. वाचकांना येथे संशय येईल की ही फसवणूक आहे. ‘मांडण्या’ म्हणजे काय हे सांगताना ‘मांडण्या’ हाच शब्द वापरला! शब्दकोशात ‘कमळ’ पाहावे तर ‘पद्म पाहा’ आणि ‘पद्म’ पाहावे तर ‘कमळ पाहा’, तसला प्रकार.

पण तसे नाही. अंबडची जुनी बारव ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन उमगेल. पाणी हवे असेल तर एक पायरी उतरा. तेथे पाणी नसेल तर आणखी एक पायरी उतरा. प्रत्येक पायरीवर आज्ञा तीच, पण पायरी खालची. शेवटी पाणी लागते. मग घागर भरून, आलो त्याच पायऱ्यांनी वर. चारच्या मांडण्या शोधताना दुभाष्या तीनच्या पायरीवर उतरतो, मग दोनच्या, एकच्या, शून्याच्या. तेथे पाणी आहे: १. वर येताना १, मग २, मग ६, मग २४. श्रीहरीच्या चार हातांचे उत्तर २४ असेच लीलावतीत आहे. आणि शंभूच्या दहा हातांसाठी आमच्या दुभाष्याने दिलेले ३६,२८,८०० हे उत्तरही भास्कराचार्यांशी तंतोतंत जुळले. मग मुलांनी शंभर वस्तूंच्या मांडण्या विचारल्या, तेव्हा १५८ आकडी संख्या पडद्यावर आली. हजार विचारल्या तेव्हा मात्र त्याने हात वर केले, कारण पायथन सहसा हजाराच्या आसपास पायऱ्या उतरू देते, पुढे नाही. आमच्या एका पायरीसाठी तिच्या अनेक पायऱ्या खर्ची पडतात. बारव कितीही खोल खणता येईल, पण दोर तेवढा हवा!

पाणी नसलेली बारव मात्र धोक्याची. ‘न शून्य असेल तर’ ही ओळ काढली की उतरणे कधी संपतच नाही. थांबावयाचे कोठे हे आधी ठरवून मग उतरावे, हा त्यातला बोध.

माहेरचे आबा

दुभाष्यातील सर्वांत नाजूक भाग कोशाचा. नावाचा अर्थ कोशात पाहावयाचा हे खरे. पण कोणत्या कोशात? आपल्याकडे प्रत्येक घरात एक ‘आबा’ असतात. घरात कोणी ‘आबांना बोलवा’ म्हटले की आधी त्याच घरातले आबा समजावयाचे. घरात कोणी आबा नसले तर वाड्यातले, तेथेही नसले तर गावातले. दुभाष्याचे कोश असेच एकात एक असतात: आधी सूत्राचा स्वतःचा छोटा कोश, त्यात नाव नसेल तर बाहेरचा, शेवटी सर्वांचा सामाईक.

येथवर ठीक. पण एका घरात घडलेले सूत्र दुसऱ्या घरी कामाला गेले तर? सासरी गेलेली मुलगी ‘आमचे आबा असे म्हणत’ असे बोलते तेव्हा ते आबा माहेरचे असतात, सासरचे नव्हेत. हे आपल्याला सांगावे लागत नाही. पण सुरुवातीच्या लिस्पमध्ये सूत्र जेथे कामाला जाई तेथलेच आबा ते धरी. त्यामुळे कित्येक वेळा भलताच माणूस ‘ओ’ देई आणि हिशेब बिघडे. १९७५ साली जेरल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी ‘स्कीम’ नावाची लिस्पची एक नेटकी बहीण तयार केली. तिने सूत्राला आपले माहेर लक्षात ठेवावयास शिकवले. आमच्या दुभाष्यात हा फरक जेमतेम एका ओळीचा आहे. मात्र पंधरा वर्षांचा वाद त्या एका ओळीत साठलेला आहे.

दऱ्या आणि दऱ्या

मराठी भाषा घेतल्यामुळे एक खास मराठी अडचणही उभी राहिली. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. हा भेद आपण रफाराच्या दोन रूपांनी दाखवतो. हा दुसरा, कोयत्यासारखा दिसणारा ‘र’ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतो, तर कोणी साधा ‘र’ घेऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो. डोळ्यांना दोन्ही ‘दऱ्या’ एकच. पण यंत्राच्या लेखी ती दोन निरनिराळी नावे. एका कळफलकावर लिहिलेले नाव दुसऱ्या कळफलकावरून विचारले की दुभाष्या साफ म्हणतो, ‘हा शब्द मला माहीत नाही.’ तेव्हा पदच्छेद करतानाच दोन्ही रूपांचे एक रूप करून घेणारी एक ओळ घालावी लागली. इंग्रजी पुस्तकांत लिस्पचा दुभाष्या कसा लिहावा ते पुष्कळ सांगितले आहे. पण ही ओळ त्यांत नाही, कारण ती त्यांची गरजच नाही. आपल्या भाषेचे दुखणे आपल्यालाच ओळखावे लागते.

ह्यानंतर विद्यार्थ्यांना वेगळीच हुक्की आली. लिस्पमध्ये क्रियापद आधी, हे मराठी कानाला खटकते. आपण ‘आणा पाणी’ म्हणत नाही, ‘पाणी आणा’ म्हणतो. मग यादीतील पहिल्याऐवजी शेवटचे पद क्रियापद मानले तर? नियम आपणच लिहिलेला; बदलावयास कोणाची परवानगी काढावयाची? एक शब्द बदलला आणि वाक्य असे झाले:

((२ ३ बेरीज) ४ गुणाकार)

उत्तर आले २०. दोन-तीनची बेरीज आणि चार यांचा गुणाकार, असे सरळ मराठीत वाचता येते. फक्त ‘जर’ मात्र सर्वांनुमते पहिल्याच जागी राहिला, कारण मराठीतही तो आधीच येतो. क्रियापद शेवटी ठेवण्याची रीत संगणकालाही परकी नाही. १९७२ साली निघालेल्या एका प्रसिद्ध अमेरिकन खिशातल्या गणकयंत्रात तीच होती. परंतु मुलांना झालेला आनंद वेगळा होता. आजवर भाषा दुसऱ्याने करावयाची आणि आपण ती पाठ करावयाची, एवढेच त्यांना ठाऊक. भाषेचे नियम बदलता येतात हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले.

यंत्राला कळते काय?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हा खटाटोप कशासाठी? लिस्प आज बाजारात फारशी चालत नाही. घरांचे आराखडे काढण्यासाठी तालुक्याच्या गावीही जे ऑटोकॅड वापरतात, त्यात १९८६ पासून लिस्पची एक धाकटी आवृत्ती बसवलेली आहे. तेवढ्यावरून कोणाला नोकरी लागेल असे नव्हे. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून तर प्रश्न विचारताच उत्तर देणारी, सांगितल्याबरोबर संगणकाच्या आज्ञावली लिहून देणारी यंत्रे घरोघर पोचली आहेत. आम्ही सुटीभर जे खपून केले ते ती यंत्रे अर्ध्या मिनिटात लिहून देतात. मग हाताने लिहिण्याचा हट्ट का?

कला शाखेच्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नात ह्याचे उत्तर आहे. चौदा हे पहिले उत्तर पडद्यावर आले तेव्हा तिने विचारले, “सर, म्हणजे ह्याला आपली मराठी कळली?” मी म्हटले, “कोठे कळली ते दाखव.” तिने दीडशे ओळी पुन्हा वाचल्या. पदच्छेदात कळण्यासारखे काही नाही, तेथे नुसती तोडणी आहे. अन्वयात नाही, तेथे याद्या आहेत. अर्थात आहे म्हणावे, तर तेथे कोशात पाहणे आहे आणि ‘बेरीज’ ह्या नावापुढे पायथनची बेरीज आहे. पायथनच्या पोटात सी भाषा, तिच्या पोटात यंत्रभाषा, आणि तिच्या पोटात उघडझाप करणारी विजेची सूक्ष्म बटणे. मासे संपले, ‘कळणे’ काही सापडले नाही. “मग ते आपल्याकडेच होते तर,” ती म्हणाली.

ह्या एका वाक्यासाठी सारी सुटी खर्ची पडली असती तरी चालले असते. लिस्प जन्मली ती यंत्राला विचार करावयास शिकवण्यासाठी. नियम लिहीत गेले की बुद्धी येईल, असा त्या पिढीचा विश्वास होता. आजची बोलकी यंत्रे त्या वाटेने आलेली नाहीत. ती अफाट मजकूर पचवून, पुढचा शब्द कोणता असावा ह्याचा अब्जावधी आकड्यांनी अंदाज बांधतात. त्यांच्या पोटात शिरून ‘येथे हे, तेथे ते’ असे बोट ठेवणे त्यांच्या निर्मात्यांनाही कठीण जाते. म्हणूनच ज्याच्या पोटात शेवटच्या माशापर्यंत जाता येते, असे एक तरी यंत्र प्रत्येक शिकणाऱ्याने एकदा आतून पाहिलेले असावे. म्हणजे न दिसणाऱ्या यंत्राविषयी काय विचारावे, हे तरी कळते.

आमच्या भागातल्या मुलांच्या मनात एक भीती घर करून असते: इंग्रजी कच्चे, म्हणून संगणक आपल्यासाठी नाही. ही भीती उपदेशाने जात नाही. आणि आज्ञांची इंग्रजी नावे मराठीत केली एवढ्याने तर मुळीच जात नाही. ती जाते आपल्या हाताने एक भाषा घडवून, तिचा एक नियम मोडून आणि दुसरा घालून. आमच्या त्या चार-सहा जणांपैकी कोणी पुढे संगणकाचे शिक्षण घेईल, कोणी शेती करील, कोणी स्पर्धापरीक्षांच्या रांगेत उभा राहील. पण पडद्यावर उत्तर उमटले की ‘हे कोठून आले?’ असे विचारण्याची सवय त्यांना लागली आहे.

ज्यांना हौस असेल त्यांनी ह्या दिवाळीच्या सुटीत प्रयत्न करून पाहावा. जुना लॅपटॉप पुरतो, पायथन फुकट मिळते, आणि नसेल लॅपटॉप तर मोबाइलवरही चालते. पहिल्या दिवशी पदच्छेद, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अन्वय, आठवड्याच्या अखेरीस अर्थ. कंस मोजताना मात्र सावध राहावे. जितके उघडले तितके मिटलेच पाहिजेत!